आकडा बदलला, की नुसता हात लागला?

शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑडिटमध्ये हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग आहे का?" संचालक ऑपरेटरकडे पाहतात, ऑपरेटर प्रोग्रॅम करून देणाऱ्याला फोन लावतो आणि पलीकडून उत्तर येते, "टाकून देतो ना, त्यात काय आहे!" त्यात बरेच काही आहे. एडिट लॉग म्हणजे कोणता आकडा कधी आणि कशाचा काय केला याची आपोआप पडणारी नोंद. एखाद्या रकान्यातला आकडा बदलला की नाही हे ओळखणे संगणकासाठी डाव्या हाताचा मळ वाटतो. पण सोयाबीन, तूर, कापूस खरेदीच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये नेमके इथेच पाणी मुरते.

नियम काय मागतो

कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. दोनदा पुढे ढकलल्यावर ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. हिशेबाची पुस्तके संगणकावर ठेवणाऱ्या कंपनीचे सॉफ्टवेअर प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद करणारे हवे आणि ही नोंद कोणालाही बंद करता येता कामा नये, असे ती सांगते. ऑडिटरला आपल्या अहवालात यावर वेगळे लिहावे लागते.

शेतकरी उत्पादक कंपनी कंपनी कायद्याखालीच नोंदलेली असते. त्यामुळे सभासद तीनशे असोत की तीन हजार, नियम तिला लागू आहे. गावची विविध कार्यकारी सोसायटी सहकार कायद्याखाली येते, म्हणून हा नियम तिला थेट लागत नाही. अडचण मात्र तिचीही हीच.

"पण आमचे हिशेब तर टॅलीत आहेत, आणि त्यात एडिट लॉगची सोय आहे," असे काही जण म्हणतात. खरे आहे. पण टॅलीत रोजची एकच बेरीज जाते. कोणत्या कास्तकाराचे किती कट्टे आले, ओलावा किती लागला, हमाली-तोलाई किती कापली हे सगळे काट्यावरच्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये असते. तो बहुधा तालुक्याच्या गावातल्या कुणीतरी ॲक्सेस, फॉक्सप्रो किंवा व्हीबी डॉट नेट अशा प्रोग्रॅम बनवण्याच्या साधनात करून दिलेला असतो. मालाच्या खरेदी-विक्रीचा तपशील हा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे हिशेबाच्या पुस्तकांचाच भाग आहे. तेव्हा प्रश्न काट्यावरच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचतोच.

डेटाबेसला कालचे आठवत नाही

सातबाऱ्यावर जमिनीची आजची स्थिती दिसते. ती कोणाकडून आली, वारसाने की खरेदीखताने, मंडळ अधिकाऱ्याने कधी मंजूर केली, हे पाहायला गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही उघडावी लागते. डेटाबेसजवळ, म्हणजे प्रोग्रॅम माहिती साठवतो त्या जागी, मुळात फक्त आजची स्थिती असते. नवा आकडा लिहिला की जुना गेला. एडिट लॉग ही त्याची फेरफार नोंदवही, आणि ती आपण बांधून दिली तरच असते.

तीन शब्द आधी समजून घेऊ. सगळ्या खरेदी पावत्यांचा मिळून एक तक्ता असतो, त्याला टेबल म्हणतात. त्यातली एक पावती म्हणजे एक रेकॉर्ड. आणि त्या पावतीवरचा एक रकाना, वजन, दर किंवा कपात, म्हणजे फील्ड. पुढे बहुतेक ठिकाणी पावती आणि रकाना असेच म्हटले आहे.

आता एक पावती घेऊ. सोयाबीन १२.४० क्विंटल, दर २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये. रक्कम ६०,६६०.८० रुपये. कुणीतरी पावती पुन्हा उघडली आणि वजन १२.०४ केले. रक्कम झाली ५८,८९९.६८. फक्त दोन अंकांची अदलाबदल, आणि कास्तकाराच्या चुकाऱ्यातून १,७६१ रुपये १२ पैसे गेले. चूक असेल किंवा हातचलाखी; नोंद नसेल तर दोन्ही सारखेच दिसतात.

हा बदल पकडायचा तर त्या वेळी एकाच आकड्याच्या तीन प्रती असतात हे लक्षात घ्यावे लागते. पावती उघडली तेव्हा वाचलेला आकडा, आत्ता पडद्यावर असलेला आकडा, आणि आत्ता डिस्कवर असलेला आकडा. त्यातून तीन वेगळे प्रश्न निघतात. रकान्याला हात लागला का? पडद्यावरचा आकडा वाचलेल्या आकड्यापेक्षा वेगळा आहे का? आणि दरम्यान दुसऱ्या कोणी डिस्कवरचा आकडा बदलला का? बहुतेक घरगुती प्रोग्रॅम पहिल्या प्रश्नाचे उत्तर घेतात आणि ते दुसऱ्याचे म्हणून खपवतात. तिसरा तर विचारतच नाहीत.

हात लागणे वेगळे, बदल वेगळा

ॲक्सेसच्या फॉर्ममध्ये, म्हणजे पावती भरायच्या पडद्यावर, एखादे अक्षर टाइप केले की डाव्या कडेला पेन्सिलचे चिन्ह येते. आत "डर्टी" नावाचा एक झेंडा वर जातो. त्याचा अर्थ एवढाच, की पावतीला हात लागला आहे आणि ती अजून जतन झालेली नाही. १२.४० मधले शेवटचे शून्य खोडून परत शून्यच टाकले तरी झेंडा वर जातो.

फॉक्सप्रोत "गेट-फील्ड-स्टेट" नावाचे फंक्शन रकान्याची स्थिती आकड्याने सांगते: १ म्हणजे हात लागलेला नाही, २ म्हणजे लागला आहे, नव्या पावतीसाठी अनुक्रमे ३ आणि ४. इथेही तोच आकडा पुन्हा लिहिला तर उत्तर २ येते. डॉट नेटमधली "रो-स्टेट" तशीच वागते. एवढेच काय, एसक्यूएल सर्व्हर या मोठ्या डेटाबेसच्या ट्रिगरमधले (टेबलात बदल होताच आपोआप चालणाऱ्या कोडमधले) "अपडेट" फंक्शनसुद्धा तो रकाना लिहिण्याच्या आदेशात होता का, एवढेच सांगते. आकडा खरोखर वेगळा झाला का, हे सांगत नाही.

या झेंड्यावर विसंबून लॉग लिहिला तर त्यात "१२.४० चे १२.४० केले" अशा ओळींचा ढीग साचतो. त्याहून वाईट म्हणजे काही जण प्रत्येक कळ दाबल्यावर चालणाऱ्या "चेंज" घटनेत लॉगचा कोड टाकतात. मग १२.४० टाइप करताना १, १२, १२., १२.४, १२.४० अशा पाच नोंदी पडतात. असा लॉग कोणी वाचत नाही, आणि न वाचला जाणारा लॉग हातचलाखी करणाऱ्याला सोयीचाच.

झेंडा निरुपयोगी मात्र नाही. खिडकी बंद करताना "जतन करायचे का?" विचारायला तो पुरेसा आहे. त्याला तेवढेच काम द्यावे.

जुना आकडा किती वेळ हाताशी असतो

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुलनेतून मिळते, आणि तुलनेला जुना आकडा लागतो. चांगली गोष्ट ही, की जवळजवळ प्रत्येक साधन तो थोडा वेळ जपून ठेवते. ॲक्सेसमध्ये टेबलाशी जोडलेल्या प्रत्येक रकान्याला "ओल्ड-व्हॅल्यू" असते. फॉक्सप्रोत "ओल्ड-व्हॅल" फंक्शन आहे, पण त्यासाठी आधी बफरिंग, म्हणजे जतन होईपर्यंत बदल बाजूला धरून ठेवण्याची सोय, चालू करावी लागते. डॉट नेटच्या डेटा-टेबलमध्ये प्रत्येक ओळीची "ओरिजिनल" आणि "करंट" अशी दोन रूपे राहतात.

गोम आहे ती वेळेत. ॲक्सेसमध्ये ओल्ड-व्हॅल्यू पावती जतन होईपर्यंतच जुनी असते. जतन झाली, की त्या क्षणी तीच नवी होते. म्हणून तुलना फॉर्मच्या "बिफोर-अपडेट" घटनेत करायची. ती "आफ्टर-अपडेट"मध्ये केली तर जुने-नवे नेहमी सारखेच येतात. कोड चालतो, चूक दाखवत नाही, आणि लॉग जन्मभर रिकामा राहतो. डॉट नेटमध्ये "ॲक्सेप्ट-चेंजेस" हा आदेश हेच करतो. डेटाबेसला पाठवण्याआधीच तो चालवला तर बदल झाल्याचे प्रोग्रॅम स्वतःच विसरतो, आणि मग डेटाबेसमध्ये काहीच जात नाही.

तुलना रकान्याच्या घटनेत करायची की अख्ख्या पावतीच्या? पावतीच्याच. ओलावा टाकल्यावर कपात आपोआप निघते असा कोड असेल, तर कपातीचा आकडा प्रोग्रॅमने बदललेला असतो, माणसाने नाही. अशा वेळी ॲक्सेसमध्ये त्या रकान्याच्या स्वतःच्या घटना चालतच नाहीत. पावतीची बिफोर-अपडेट मात्र चालते, आणि तिथे सगळे रकाने एका फेऱ्यात तपासता येतात. ज्या रकान्यांची नोंद हवी त्यांच्या "टॅग" गुणधर्मात एक खूण लिहून ठेवायची आणि फेऱ्यात फक्त तेच घ्यायचे. टेबलाशी न जोडलेल्या रकान्यांना ही सोय नाही. तिथे पावती उघडतानाच सगळे आकडे एका बाजूला लिहून ठेवावे लागतात.

रिकाम्या रकान्याचा सापळा

एवढे नीट केलेले प्रोग्रॅमसुद्धा इथे आपटतात, म्हणून यावर जरा थांबू.

डेटाबेसमध्ये रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे, आणि कोरा मजकूरही नव्हे. त्याला "नल" म्हणतात. अर्थ: माहिती नाही. आता संगणकाला विचारा, "माहिती नाही" हे ५०० पेक्षा वेगळे आहे का? तो म्हणतो, माहिती नाही. दोन रिकामे रकाने सारखे आहेत का? पुन्हा तेच उत्तर. आणि "वेगळे असेल तर लॉग लिही" या आदेशात "माहिती नाही" हे उत्तर "नाही"सारखेच धरले जाते.

परिणाम काय? कपातीच्या रकान्यात आधी काही नव्हते आणि कोणी ५०० टाकले, लॉग गप्प. ५०० होते आणि कोणी खोडून रकाना रिकामा केला, तरी लॉग गप्प. ५०० चे ६०० केले तर तेवढे मात्र पकडले जाते. म्हणजे प्रोग्रॅम करून देणारा ज्या पद्धतीने तपासून दाखवतो ती हमखास पास होते, आणि कुणाची तरी कपात गुपचूप माफ करायची तर ज्या पद्धतीने करतात ती हमखास सुटते.

यावर सर्रास केला जाणारा उपाय अर्धवट आहे. ॲक्सेसमधले "एनझेड" फंक्शन रिकाम्या रकान्याऐवजी आपण सांगू ते धरते, बहुतेक जण शून्य सांगतात. मग रिकामा आणि शून्य एकच होऊन बसतात. ओलाव्याच्या रकान्यात हे चालणार नाही: रिकामा म्हणजे मोजलाच नाही, आणि शून्य म्हणजे कोणीतरी बसून टाकलेला खोटा आकडा. कापसात हा फरक पैशाचा आहे. भारतीय कपास निगम ८ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला पूर्ण हमीभाव देते, पुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कापते आणि ओलावा त्याहून जास्त असेल तर माल घेत नाही.

नीट पद्धत तीन पायऱ्यांची आहे. आधी पाहायचे, दोन्ही रिकामे आहेत का; असतील तर बदल नाही. नंतर, दोहोंपैकी एकच रिकामा आहे का. असेल तर बदल आहे, पुढे बघायची गरज नाही. दोन्ही भरलेले असतील तरच आकड्याला आकडा ताडायचा. हे एकदाच एका फंक्शनमध्ये लिहून सगळीकडे तेच वापरावे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आणि २०२२ पासूनच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये यासाठी "इज डिस्टिंक्ट फ्रॉम" अशी तयार तुलना आहे.

डॉट नेटच्या सी-शार्प भाषेत उलटाच घोळ होतो. जुनी आणि नवी किंमत "ऑब्जेक्ट" म्हणून घेऊन दुहेरी बरोबरच्या चिन्हाने ताडल्या, तर आकडे सारखे असूनही उत्तर "वेगळे" येते, कारण तिथे आकडा न ताडता तो ठेवलेली जागा ताडली जाते. तिथे "इक्वल्स" वापरायचे.

दिसते एक, आत दुसरेच

"वऱ्हाडे" हे आडनाव घ्या. त्यातला ऱ्ह युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, निदान तीन प्रकारांनी लिहिला जातो: ऱ हे एकच अक्षर घेऊन, र ला खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. एका मशीनवरचा कीबोर्ड एक प्रकार लिहितो, मोबाइलवरून कॉपी केलेले नाव दुसऱ्या प्रकारात येते, आणि लॉग म्हणतो, "वऱ्हाडेचे वऱ्हाडे केले." पहिले दोन प्रकार युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात. तिसरा होत नाही. त्यासाठी जतन करण्याआधी स्वतंत्र अदलाबदल लिहावी लागते. शेवटी राहिलेली मोकळी जागा आणि ५ ऐवजी 5 हेही त्याच वेळी साफ करून घ्यावे.

इथे खोटा बदल दिसतो. खरा बदल न दिसण्याचीही उदाहरणे आहेत. ॲक्सेसची नेहमीची तुलना इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही. फॉक्सप्रोत तर एकेरी बरोबरचे चिन्ह, मूळ सेटिंग तसेच ठेवले असेल तर, उजवीकडचा मजकूर संपेपर्यंतच ताडते. दोन्हीकडची मोकळी जागा छाटून "पाटीलकर" आणि "पाटील" यांची तुलना केली, तर ते सारखे असल्याचे सांगते. उजवीकडे काहीच नसेल तरीही सारखेच! शेरा पुसून टाकला तरी बदल नाही. फॉक्सप्रोत मजकुरासाठी नेहमी दुहेरी चिन्ह वापरावे.

वजनाचे वेगळेच. ॲक्सेस किंवा डॉट नेटमध्ये वजनाचा रकाना "डबल" प्रकारचा, म्हणजे दशांश अंदाजे साठवणारा, असेल, तर ०.१ क्विंटल अधिक ०.२ क्विंटल बरोबर ०.३ क्विंटल होत नाही. सतराव्या दशांश स्थळी चार उरतात. दहा आणि वीस किलोचे दोन कट्टे जोडले आणि तीस किलोशी ताडले की लॉगमध्ये भुताटकी. वजनासाठी "डेसिमल" किंवा ॲक्सेसचा चार दशांशांचा "करन्सी" प्रकार घ्यावा, नाहीतर सरळ किलो किंवा ग्रॅममध्ये पूर्णांक ठेवावा.

तारखेत वेळ लपलेली असते. पावतीवर नुसती तारीख दिसते, पण आत एकीकडे मध्यरात्र आणि दुसरीकडे दुपारचे २ वाजून १७ मिनिटे. नुसती तारीख हवी असेल तर जतन करतानाच वेळ काढून टाकावी.

दोन मशीन, एक पावती

हंगामात काट्यावर एक संगणक आणि ऑफिसात दुसरा असतो, डेटाबेस ऑफिसातल्या मशीनवर. ऑफिसात पावती उघडून कोणी बँक खाते दुरुस्त करत असते. त्याच वेळी काट्यावरून वजन सुधारले जाते. मग ऑफिसातून जतन होते, आणि प्रोग्रॅम सगळे रकाने परत लिहीत असेल तर काट्यावरून सुधारलेले वजन पुन्हा जुने होते. ऑफिसातल्या माणसाने वजनाला हात लावलेला नसतो. त्याच्या दृष्टीने जुने-नवे सारखेच, म्हणून लॉगमध्येही काही नसते. हा आपला तिसरा प्रश्न.

उपाय दोन, आणि दोन्ही हवेत. जे रकाने खरोखर बदलले तेवढेच लिहायचे. आणि लिहिताना अट घालायची: डिस्कवरचा आकडा अजूनही मी वाचलेलाच असेल तर लिही. अट पुरी झाली नाही तर शून्य रेकॉर्ड बदलले असे उत्तर येते, आणि प्रोग्रॅमने थांबून दोन्ही आकडे समोर ठेवायचे. फॉक्सप्रोत डिस्कवरचा ताजा आकडा "कर-व्हॅल" देते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये "रो-व्हर्जन" नावाचा रकाना ठेवला की प्रत्येक बदलाबरोबर तो आपोआप पुढे सरकतो आणि एकट्या त्याची तुलना पुरते. ॲक्सेस अशा वेळी "राइट कॉन्फ्लिक्ट"ची खिडकी दाखवते. तिच्यातले "सेव्ह रेकॉर्ड" दाबले तर दुसऱ्याचा बदल पुसला जातो. घाईत बहुतेक जण तेच दाबतात; ऑपरेटरला हे एकदा बसवून सांगायला हवे.

नोंद लिहायची कुठून

फॉर्ममधून लॉग लिहिण्यात एक पेच आहे. बिफोर-अपडेटमध्ये लिहिला आणि नंतर जतन करताना दुबार पावती क्रमांकामुळे अडले, तर न झालेल्या बदलाची नोंद पडते. आफ्टर-अपडेटमध्ये जुना आकडा उरत नाही. म्हणून आधी गोळा करून नंतर लिहिण्याची पद्धत वापरतात. ती ठीक आहे, पण दोहोंच्या मध्ये लाईन गेली तर बदल राहतो आणि नोंद जाते. शिवाय कोणी फॉर्म न उघडता थेट टेबल उघडून आकडा बदलला, तर फॉर्ममधला कोड चालतच नाही.

त्यामुळे नोंदीची जागा फॉर्ममध्ये न ठेवता टेबलावर ठेवावी. ॲक्सेस २०१० पासून टेबलाला "डेटा मॅक्रो", म्हणजे ट्रिगरसारखा आपोआप चालणारा आदेश, जोडता येतो. थेट टेबलात केलेला आणि क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला थेट आदेश देऊन, केलेला बदलही तो पकडतो, जुना आकडा "ओल्ड" या नावाने त्यात मिळतो. व्हिज्युअल फॉक्सप्रोत डेटाबेसमध्ये घेतलेल्या टेबलांना ट्रिगर लावता येतात, सुट्या टेबलांना नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रिगर आणि मूळ बदल एकाच व्यवहारात बांधलेले असतात: दोन्ही होतात किंवा एकही होत नाही. रिकाम्या रकान्याची तीन पायऱ्यांची तपासणी मात्र कुठेही गेलात तरी स्वतःच लिहावी लागते.

लॉगच्या एका ओळीत टेबलाचे नाव, रेकॉर्डचा क्रमांक, रकाना, जुना आकडा, नवा आकडा, कोणी, कोणत्या मशीनवरून आणि केव्हा, एवढे हवे. नियम तारीखच मागतो, पण "कोणी" नसेल तर नोंदीचा उपयोग काय? रेकॉर्डचा क्रमांक म्हणजे पावती क्रमांक नव्हे. पावती क्रमांक स्वतःच बदलला जाऊ शकतो. इथे डेटाबेसने दिलेला न बदलणारा क्रमांक लागतो. पावती डिलीट करू द्यायचीच नाही. "रद्द" असा रकाना ठेवून त्यात खूण करायची, म्हणजे तोही एक बदल म्हणून नोंदला जातो.

वेळ नेहमी डेटाबेस ज्या मशीनवर आहे तिथली घ्यावी. काट्यावरच्या जुन्या संगणकाचा मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो, आणि लाईन जाऊन आली की तो दहा-पंधरा वर्षे मागच्या तारखेत उठतो. आणि सगळे जण एकाच "ॲडमिन" नावाने लॉगिन करत असतील तर "कोणी" या रकान्यात ॲडमिनशिवाय काही दिसणार नाही. हा दोष प्रोग्रॅमचा नाही, खरेदी केंद्राचा आहे.

"याने संगणक संथ होईल"

होत नाही. पावती जतन करताना वीस रकान्यांची तुलना ही संगणकाला जाणवतही नाही. संथ होते ते कळ-कळ नोंदवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, किंवा लॉगची फाइल कमकुवत नेटवर्कवर दूर ठेवली असेल तिथे. जागेचा प्रश्न थोडा खरा आहे. ॲक्सेसची फाइल आणि फॉक्सप्रोचे एक टेबल, दोन्हींची मर्यादा २ जीबी. हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे सांभाळायची आहेत आणि लॉगही त्यांच्यासोबत टिकवायचा आहे. तेव्हा दरवर्षीचा लॉग वेगळ्या फाइलीत हलवावा, पुसू नये.

"ज्याला करायचे तो लॉगच पुसेल"

हा आक्षेप मात्र रास्त आहे. ॲक्सेस किंवा फॉक्सप्रोची फाइल ज्याच्या हातात, त्याला लॉगचे टेबलही उघडता येते. डेटा मॅक्रोही काढून टाकता येतो. नोंद बंद करता येऊ नये ही नियमाची अट अशा प्रोग्रॅममध्ये पक्की पाळता येते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ज्या कंपनीला ऑडिटला सामोरे जायचे आहे तिने माहिती एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेससारख्या मोफत सर्व्हरवर हलवावी. फॉर्म ॲक्सेसमध्येच राहिले तरी चालतात. ऑपरेटरला लॉगच्या टेबलात स्वतः लिहिण्याचा, बदलण्याचा, खोडण्याचा कोणताच हक्क द्यायचा नाही. नोंद ट्रिगरनेच पडली पाहिजे. २०१६ पासूनच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये "टेम्पोरल टेबल" आहेत, ती जुनी रूपे स्वतःच साठवतात. मात्र त्यांना माणसाचे नाव आपोआप कळत नाही, आणि तोच आकडा पुन्हा लिहिला तरी एक जुने रूप साठतेच.

सर्व्हरचा मुख्य पासवर्ड ऑपरेटरकडे नको, आणि प्रोग्रॅम करून देणाऱ्या एकट्याकडेही नको. हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणे २०२२ पासून कंपन्यांना बंधनकारक आहे. त्यातच लॉग गेला की मागाहून पुसलेले उघडे पडते.

घेताना तपासायचे कसे

"टाकून दिले" असा फोन आला की पैसे देण्याआधी संचालकांनी स्वतः बसून अर्धा तास घालवावा. एक चाचणी पावती उघडा. वजनातला शेवटचा अंक खोडून तोच परत टाका आणि जतन करा. लॉगमध्ये काहीही येता कामा नये. मग कपातीच्या रिकाम्या रकान्यात ५०० टाका, जतन करा. पुन्हा उघडून ते खोडा, जतन करा. कपातीच्या दोन ओळी दिसायला हव्यात, आणि दुसरीत नवा आकडा शून्य न दिसता रिकामा दिसायला हवा. ओलावा बदला आणि त्यासोबत आपोआप बदललेली रक्कमही नोंदली गेली का ते बघा. दुबार पावती क्रमांक टाकून जतन अडवा. नोंद पडू नये.

दोन मशीनवर तीच पावती उघडा. एकीकडून वजन आणि दुसरीकडून बँक खाते बदला, आणि दोन्ही बदल टिकले का ते पाहा. फॉर्म सोडून थेट टेबल उघडता येते का बघा. येत असेल तर तिथे दर बदलून लॉग पाहा. काट्यावरच्या संगणकाची तारीख मागे नेऊन एक बदल करा. लॉगमध्ये तारीख खरीच दिसायला हवी. शेवटी बॅकअप घेऊन ठेवा, काट्यावरच्या मशीनवर एक आकडा बदला आणि जतनचे बटण दाबताच मुख्य स्विच बंद करा. हे चार-पाचदा करावे लागेल, कारण नेमका क्षण दरवेळी सापडत नाही. मशीन परत सुरू केल्यावर आकडा नवा असेल तर त्याची ओळ लॉगमध्ये असली पाहिजे, आणि आकडा जुना असेल तर ती नसली पाहिजे.